डावं पान, उजवं पान

मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या कुणालाही मध्यरात्री उठवून विचारा, एक वाक्य तयार असतं. ‘प्रस्तुत कवितेतून कवीने निसर्गाचे मनोहारी चित्रण करून मानवी जीवनातील...’ पुढे दुःख, एकाकीपणा, नश्वरता, हवं ते घाला. कविता कुठलीही असो, चालून जातं. कथेसाठी वेगळं आहे: ‘प्रस्तुत कथेतून लेखकाने समाजातील विदारक वास्तवावर प्रकाश टाकला आहे.’ मी अकरावीपासून हेच लिहीत होते, मार्कही बरे पडत होते, त्यामुळे ते सोडावं असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

टीवायला, म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आमच्या मॅडमनी इंटर्नलचा नेहमीचा प्रकल्प बंद केला. नेहमीचा म्हणजे एक साहित्यिक घ्यायचा, त्याचा जन्म, मृत्यू, ग्रंथसंपदा, पुरस्कार उतरवायचे, मुखपृष्ठांचे रंगीत झेरॉक्स चिकटवायचे आणि स्पायरल बाइंडिंग करून द्यायचं. त्याऐवजी एक जाड वही आणायला सांगितली. दर आठवड्याला एक कथा किंवा एक कविता. पहिल्यांदा वाचून जे वाटेल ते उजव्या पानावर. डावं पान कोरं ठेवायचं, मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे, मग तेच पुन्हा वाचायचं आणि डाव्या पानावर लिहायचं. उजवं पान भरेपर्यंत गाईड, प्रस्तावना, यूट्यूबवरची व्याख्यानं यांना हात लावायचा नाही. ‘प्रस्तुत’ दिसलं की पान रद्द. आणि आणखी एक अट, जी ऐकताना अगदी किरकोळ वाटली होती: जे वाटलं ते कुठल्या ओळीपाशी वाटलं, हे लिहायचंच.

‘मॅडम, किती ओळी लिहायच्या?’ हा वर्गातला पहिला प्रश्न. दुसरा, ‘आवडली नाही असं लिहिलं तर मार्क कापणार का?’ मॅडम म्हणाल्या, ‘आवडली नाही म्हण, पण कुठे बिनसलं ते दाखव.’

ही अट काय आहे ते पहिल्याच आठवड्यात कळलं. ‘कविता वाचून मन प्रसन्न झाले’ असं लिहिलं की पुढे ओळ दाखवावी लागते, आणि ओळ शोधायला गेलं की लक्षात येतं, मन कुठेच प्रसन्न झालेलं नाही. कविता वाचून संपली होती, एवढंच. वर्गातल्या निम्म्या वह्यांची पहिली पानं फाटलेली होती. वहीला पिना कुठे आहेत ते सगळ्यांना त्या आठवड्यात समजलं.

वाचायचं कुठे, हाही प्रश्न होताच. आमचं गाव मालगुंडच्या पुढे, जयगडच्या बाजूला. कॉलेज रत्नागिरीत. जाता-येता एस.टी.त भरपूर वेळ असतो, पण तो सगळा वाचनाचा नसतो. गणपतीपुळ्यापर्यंत गाडीत उभं राहायलाही जागा नसते; पुढे बसायला मिळालं तर मिळालं, आणि आरे-वारेच्या वळणांवर पुस्तकात डोकं घातलं तर पोटात ढवळायला लागतं. कथा तरी गाडीत वाचता येते, मध्येच कंडक्टर आला तरी धागा सापडतो. कविता गाडीत वाचून होते आणि उतरेपर्यंत निघून जाते. म्हणून कवितांसाठी मी रत्नागिरीच्या नगर वाचनालयात बसायला लागले. १८२८ सालचं वाचनालय आहे ते, पण आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना ते स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मिळतात म्हणूनच माहीत होतं. उरलेलं वाचन घरी, पडवीत, सगळ्यांच्या गोंगाटात.

पहिली धड नोंद झाली ती बालकवींच्या ‘औदुंबर’वर. आठ ओळींची कविता. शाळेपासून ओळखीची, आणि तिच्यावर इतक्या मोठमोठ्या लोकांनी इतकं लिहिलंय की आता नवीन काय उरलंय असं वाटावं. औदुंबर म्हणजे विरक्त योगी, काळा डोह म्हणजे मृत्यू, हे आम्हाला कविता वाचायच्या आधीपासून पाठ. बालकवी १९१८ साली भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले, तोही संदर्भ कुणीतरी आणून त्या डोहाला जोडतोच. माणूस पुढे कसा गेला यावरून त्याने आधी लिहिलेल्या कवितेतलं पाणी काळं ठरवायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

उजव्या पानावर काय लिहावं ते सुचेना, म्हणून मी कवितेचा नकाशा काढला. वेळ काढायला काढला होता, पण त्यातूनच कविता उघडली. आधी झरा येतो, दोन्ही काठांना हिरवळ. मग नजर पार लांब जाते: पलीकडे टेकडी, टेकडीशी चार घरांचं गाव. तिथून पुढे शेतं. शेतांतून पांढरी पायवाट निघते, वेडीवाकडी, कुरणातून उतरत काळ्या डोहापाशी येते, आणि तिथे पाण्यात पाय सोडून झाड बसलेलं. म्हणजे कविता पाण्यापासून निघून टेकडीपर्यंत जाते आणि त्या वाटेने पुन्हा पाण्यावर येते. आणि त्या वाटेवर माणूस नाही. चार घरं आहेत पण दारात कुणी नाही, धूर नाही, गुरं नाहीत. वाट तर आपोआप पडत नाही. आमच्या गावात पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, जाणारी वाट आहे ती बायकांच्या पायांनी पडलेली आहे. नळ आल्यापासून तिच्यावर टाकळा उगवतो. मी लिहिलं, ‘ही वाट कुणी पाडली? सगळे कुठे गेले?’ आणि खाली ओळ दाखवली.

मॅडमनी सगळ्यांनाच नकाशे काढायला लावले आणि पुढचा तास नुसता कालवा झाला. गाव पलीकडे आहे, ते कवितेतच आहे, त्यावर वाद नाही. पण औदुंबर कुठल्या काठाला? कुणी अलीकडे काढला होता, कुणी पलीकडे, एकाने तर बेटावर. जो तो ओळी वाचून दाखवू लागला. पैलवाले म्हणत, वाट गावाकडून येते, ती झरा ओलांडत नाही, म्हणजे डोह पलीकडे. ऐलवाले म्हणत, झाडाचे पाय पाण्यात शिरलेले एवढे स्वच्छ दिसतात म्हणजे ते बघणाऱ्याजवळ असणार. कवितेत उत्तर नाही. इतक्या वर्षांत त्या कवितेवर आम्ही पहिल्यांदा भांडलो.

डाव्या पानाच्या वेळी भाताची लावणी आटपली होती आणि मी मुद्दाम पऱ्यावर जाऊन आले. आमच्याकडेही उंबर आहे. दत्ताचं झाड म्हणून कुणी तोडत नाही, त्यामुळे तो वाटेल तसा वाढलाय. मुळं थेट पाण्यात, मुळांच्या जाळीत कुर्ल्या, खाली पडलेल्या उंबरांवर चिलटं, आणि एक आंबूस वास. बालकवींच्या झाडाला वास नाही, आवाज नाही. त्यांनी ते लांबून पाहिलंय, किंवा जवळ जाऊनही तेवढंच घेतलंय. मला माझा उंबर जास्त खरा वाटला आणि कविता तरीही जास्त आठवत राहिली. हे असं का, ते मी डाव्या पानावर लिहिलं नाही, कारण ओळ दाखवता येईना.

कथांच्या बाबतीत मला घरातच एक परीक्षक सापडली. आजीला वाचता येत नाही, पण गोष्ट ऐकायला ती केव्हाही तयार. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधला ‘धर्मा रामोशी’ मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. पुस्तक १९४९ चं, माणसं दुष्काळी मुलखातली. आमच्याकडे पावसात घराबाहेर पडता येत नव्हतं आणि मी तिला माणदेशातलं ऊन वाचून दाखवत होते. धर्माला अंगावर घालायला नाही म्हणून जुनं धोतर दिलं जातं, आणि शेवटी ते त्याच्या मुलीने नेसलेलं दिसतं. लेखक तिथे थांबतो, हळहळत नाही की समाजाला नावं ठेवत नाही. मीही थांबले. मला वाटलं, आजी आता डोळे पुसणार. ती म्हणाली, ‘पोरीला झालं, बरं झालं. मग म्हाताऱ्याने काय नेसलंन?’

मी पान उलटून पाहिलं. तो फाटक्यातच राहिला होता, ते आधी येऊन गेलं होतं, पण माझं सगळं लक्ष मुलीवर गेल्यामुळे धर्मा माझ्या नजरेतून निसटला होता. आजीचं वाक्य मी उजव्या पानावर जसंच्या तसं लिहिलं. मॅडमनी खाली लिहिलं, ‘आजींना अजून वाचून दाखव.’ तेव्हापासून आजी त्या वहीवर आपला हक्क सांगते.

जी. ए. कुलकर्णींचं मात्र माझं जमलं नाही. ‘काजळमाया’तला ‘विदूषक’ घेतला होता. वर्गातल्या हुशार मुलांचं जी.ए. म्हणजे दैवत, मध्येमध्ये त्यांतली वाक्यं स्टेटसला असतात. माझी अडचण तीच झाली. प्रत्येक परिच्छेदात एक वाक्य असं येतं की ते उचलून भिंतीवर लावावं, आणि अशी वाक्यं ओळीने आली की मला गोष्ट दिसेनाशी होते. अर्ध्यावर सोडली. ‘अर्ध्यावर सोडली’ असंच लिहिलं, कुठल्या पानावर सोडली आणि तिथे काय चाललं होतं तेही लिहिलं. मॅडमनी ते पान ग्राह्य धरलं. डावं पान अजून कोरं आहे.

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा वाचली तो आठवडा वेगळा गेला. त्याच नावाचा संग्रह १९६३ चा. निवेदक गुजरातेत, सुरतजवळच्या उधन्याला रेल्वेत नोकरीवर रुजू होतो. जात लपवलेली आहे. रामचरण नावाचा सहकारी त्याला कवी म्हणून मान देतो, जवळ करतो, आणि जात कळल्यावर त्याच माणसांकडून त्याला बेदम मार बसतो.

मी वाचायला बसले ती जात या विषयावरची कथा म्हणून, आणि अडकले ती खोली शोधण्यात. नवीन गावात उतरलेला माणूस जागा शोधतोय, समोरचा गोड बोलतोय, आणि त्या गोड बोलण्यातून एक प्रश्न हळूहळू पुढे सरकतोय. पावसाळ्यात येऊन-जाऊन करणं जड जातं म्हणून मी आणि माझी मैत्रीण रत्नागिरीत खोली बघत हिंडलो होतो. एका घरी चहा झाला, भाडं ठरलं, पंखा लावून दाखवला. मग काकूंनी विचारलं, ‘आडनाव काय म्हणालात? वडील काय करतात?’ मी सांगितलं, मच्छीमारी, आम्ही खारवी. ‘नाही, तसं काही नाही हो, पण घरात वास... आमच्याकडे सासूबाईंचं असतं.’ मी म्हटलं, खोलीवर मासे करणार नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, कळवते. कळवलं नाही.

हे सगळं मी उजव्या पानावर लिहिलं आणि तिथेच पेन थांबवलं. कारण खाली ओळ दाखवायची होती, आणि दाखवायला गेले तेव्हा दोन्हींतलं अंतर समोर आलं. माझं प्रकरण एका न आलेल्या फोनवर संपलं. मी आडनाव सांगितलं ते न घाबरता, कारण त्याने माझं फार काही बिघडणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसरी खोली मिळाली. कथेतल्या माणसाला नाव सांगतानाच जिवाचा हिशेब करावा लागतो. तो खोटं बोलतो आणि वाचताना आपण त्या खोट्याच्या बाजूने असतो, ते टिकावं म्हणून धडधडत्या छातीने पानं उलटतो. मी लिहिलं की या कथेने मला माझ्या आठवणीशी नेलं आणि तिथे ठेवून पुढे निघून गेली. मला तिच्यामागे जाता आलं नाही.

त्या आठवड्यात वर्गात वह्या मोठ्याने वाचायच्या होत्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, मी माझं वाचणार नाही. मॅडमनी कारण विचारलं नाही. बाकीच्यांनी वाचलं, बहुतेकांनी मार खाण्याच्या प्रसंगावर लिहिलं होतं, आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलेलं होतं. नंतर कँटीनमध्ये वडापाव खाताना तो आपणहून बोलला, ‘तुम्ही सगळ्यांनी मार खाणाऱ्यावर लिहिलंत. काशिनाथवर कुणी लिहिलंच नाही.’

काशिनाथ त्या कथेत आहे. तोही दलित, पण लपवत नाही, अंगावर येणाऱ्याच्या अंगावर जातो, आणि शेवटी निवेदकाला सोडवतो तो हाच. मी दोनदा वाचून तो माझ्या वहीत आला नव्हता. आम्हाला दया करायला माणूस हवा होता आणि तो मिळाल्यावर आम्ही वाचायचे थांबलो होतो, असं तो मुलगा म्हणाला नाही. पण त्याच्या बोलण्याचा अर्थ तोच होता. माझं डावं पान सगळं काशिनाथचं आहे. त्या मुलाला दाखवलं. ‘बरं लिहिलंयस,’ म्हणाला आणि चहाचे पैसे माझ्याकडून घेतले.

आरती प्रभूंची अडचण निराळीच. हे टोपणनाव; खरे चिं. त्र्यं. खानोलकर, वेंगुर्ल्याजवळचे, बागलांच्या राईतले. कुडाळला त्यांनी खानावळ चालवली, हे आमच्या भागात कुठल्याही साहित्यप्रेमी काकांकडून ऐकायला मिळतं. मी ‘ये रे घना’ घेतली. घेतली आणि फसले, कारण ती कविता मला येतच नव्हती, गाणं येत होतं. हृदयनाथ मंगेशकरांची चाल, आशा भोसलेंचा आवाज. पान उघडलं की डोळ्यांच्या आधी कान सुरू होतात. जिथे चाल लांबते तिथे शब्दही लांबतो, आणि जिथे चाल सुंदर आहे तिथे शब्द काय म्हणतोय ते ऐकायची गरजच वाटत नाही.

चाल काढून टाकायला बरेच उद्योग केले. बातम्या वाचतात तसं सपाट वाचून पाहिलं. खालून वर वाचून पाहिलं. शेवटी उपयोग झाला तो लिहून काढण्याचा: प्रत्येक ओळ वेगळ्या कागदावर, आणि कागद पिसून एकेक वाचायचा. असं केल्यावर वाऱ्याची ओळ हातात आली आणि मी दचकले. तो वारा चांगला नाही. नाजूक फुलं चुरगळायला निघालाय तो, आणि फूल नको नको म्हणत असताना त्याचा गंध रानभर जातो. मी लहानपणापासून हे गाणं पहिल्या पावसाला लावलेलं ऐकलंय, भज्यांबरोबर. त्यात हे होतं? पुढे ती बोलणारी घनाला न्हाऊ घालायला का बोलावते, ते मग वेगळंच दिसायला लागलं. याच्यावर मी वर्गात बोलले तेव्हा काही मुलींना पटलं, एका मुलाने ‘फार ताणतेस’ म्हटलं. त्याने ओळ मागितली, मी कागदच काढून दिला.

चालीने कविता बिघडते असं मात्र मी म्हणणार नाही. चाल नसती तर आमच्या घरात खानोलकर आलेच नसते.

वाऱ्याची दुसरी कविता खरं तर वहीत सुरुवातीलाच आहे, फक्त तिचं डावं पान सगळ्यात शेवटी भरलं. केशवसुतांची ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’. मालगुंडचं त्यांचं घर आमच्या वाटेवर. १८६६ साली ते तिथे जन्मले, १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले. आता तिथे स्मारक आहे, गणपतीपुळ्याला आलेले लोक दर्शन झालं की गाडी वळवून येतात, फोटो काढतात, आणि ‘तुतारी’ शाळेत होती हो, असं म्हणतात. आम्हालाही तेवढंच माहीत होतं. या कवितेत मात्र तुतारीवाला आवेश नाही. कवी गावापासून लांब आहे, त्याच्या मुलखाकडून वारा येतो, आणि तो त्या वाऱ्याला मित्राला मारावी तशी हाक मारतो.

मी ती वाचली जुलैत. जुलै म्हणजे आमच्याकडे बंदी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रात जायचं नाही; नौका वर ओढून शाकारलेली, खलाशी आपापल्या गावी, घरात येणारा पैसा बंद आणि जाणारा चालू. बाबा पडवीत जाळं घेऊन बसलेले. हातात प्लास्टिकची सुई, फाटलेली आस, म्हणजे जाळ्याचं छिद्र, अंगठ्यावर ताणून मोजायची, गाठ मारायची, पुढची. हे काम तासन्‌तास चालतं आणि त्या वेळात त्यांच्याशी बोललेलं चालतं. बाहेर नैर्ऋत्येचा वाराच चालला होता, पत्रे वाजत होते. मी उजव्या पानावर लिहून ठेवलं होतं की मला ही कविता खोटी वाटते. आमच्या घरात या वाऱ्याला कुणी मित्र म्हणत नाही. त्याच्यामुळे बोट बंद राहते, त्याच्यामुळे किराणावाल्याकडे वही चालू होते. ज्याने किनाऱ्यावर हा वारा सोसलाय तो त्याला असं लाडाने बोलावणार नाही, असं मी बऱ्याच ठसक्यात लिहिलं होतं.

कविता मी बाबांना वाचून दाखवली. जुनी भाषा, मध्येमध्ये अर्थ सांगावा लागला. त्यांनी गाठ मारता मारता विचारलं, ‘कंच्या महिन्यातला वारा हा?’

मला सांगता येईना. ‘आणि बसलाय कुठं तो?’

‘गावापासून लांब. वर कुठेतरी.’

‘घाटावर ना? मग बरोबर हाय त्याचं. घाट चढून गेलेला वारा तो. जोर सगळा हितं आमच्यावर काढलान, वर जाईपर्यंत दमला. दमलेला माणूस गोडच बोलतो.’

आणि पुन्हा सुईकडे वळले. मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी ते दुसऱ्या वर्गातही सांगितलं. बाबांना कळल्यावर ते म्हणाले, ‘त्यात काय सांगण्यासारखं होतं?’

डावं पान मात्र महिनोन्‌महिने कोरं राहिलं. बंदी उठली, नारळीपौर्णिमा झाली, बाबा समुद्रावर जायला लागले. पुढे मला रत्नागिरीत खोली मिळाली आणि मी आठवडा आठवडा घरी जाईना. रत्नागिरी काही परदेश नाही, पण तिथे राहायला लागल्यावर एक झालं: रात्री वारा सुटला की मी मनात हिशेब करायला लागले, बोट कुठे असेल, बंदरात शिरली असेल का. घरी असताना हे कधी केलं नव्हतं; घरी असताना आई करायची, मी झोपायचे. खोलीवर मैत्रीण झोपलेली, फोन लावावा तर समुद्रात रेंज नाही. अशा एका रात्री मी कविता पुन्हा काढली. केशवसुतांनी नोकरीसाठी गाव सोडलं, खानदेशात फैजपूरला मास्तरकी केली, शेवटी धारवाडला गेले. तिथे मालगुंडचं असं जवळ कोण होतं? वाऱ्यालाच विचारायचं, दुसरं कोण त्या बाजूने येतंय?

ते मी डाव्या पानावर लिहिलं. उजव्या पानावरचं खोडलं नाही, दोन्ही समोरासमोर राहू दिलं.

सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा होती. दुसऱ्या कॉलेजचे सर आले होते. त्यांनी वह्या आदल्या दिवशी वाचून ठेवल्या होत्या, हे पाहूनच आमची निम्मी तयारी वाया गेली. आम्ही कवींची जन्मसालं पाठ करून आलो होतो. माझी वही उघडून त्यांनी सरळ विचारलं, ‘वडिलांचं मत तुम्हाला मान्य आहे का?’

मी म्हटलं, ‘अर्धं, सर.’

‘म्हणजे?’

‘वारा दमलेला आहे हे मान्य. पण कवी त्याला गोड म्हणतो ते तो दमलाय म्हणून नाही. वारा जोराचा असता तरी त्याने हाक मारली असती. त्याला बोलायला तेवढा एकच होता.’

‘ओळ दाखवा,’ सर म्हणाले. मॅडम खिडकीबाहेर बघत हसत होत्या. मी हाक मारलेली पहिलीच ओळ दाखवली. त्यांनी ती मोठ्याने वाचली, चष्मा वर केला, आणि वडील कुठल्या बंदरात असतात, मासळी यंदा कशी आहे, ते विचारलं. मासळीवर आम्ही कवितेपेक्षा जास्त बोललो.

उठता उठता त्यांनी मागची पानं चाळली. ‘हा नकाशा तुमचाच? मग औदुंबर कुठल्या काठाला?’

मी म्हटलं, ‘ऐल.’

त्यांनी मान डोलावली आणि पुढचा नंबर बोलावला. माझ्यामागून मैत्रीण आत गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, तिलाही तेच विचारलं, तिने पैल सांगितलं, वाटेची ओळ वाचून दाखवली, आणि सरांनी तिच्यासमोरही तशीच मान डोलावली. रहाटाघरच्या स्टँडवर गाडी लागेपर्यंत आम्ही त्यावरच भांडत होतो.